खिशातल्या ग्रिपा

“म्हणजे आता तुला जन्मात काय करायचं न्हाई म्हण की,” दाजी म्हणाले आणि मेनबोर्डातली पहिली ग्रिप त्यांनी खट्‌दिशी ओढून काढली.

“करायचं नाही असं नाही दाजी. पैशासाठी करायचं नाही, एवढंच.”

“तेच की रं.” दुसरी ग्रिप निघाली. “पैशासाठी न्हाई, मग कशासाठी?” तिसरी निघाली.

विहिरीच्या काठावर ते नुसत्या पट्ट्यापट्ट्यांच्या नाडीच्या चड्डीवर उभे होते. तिन्ही ग्रिपा त्यांनी चड्डीच्या खिशात टाकल्या, तशी चड्डी एका अंगाला खाली ओघळली. मग नाडी सोडून पुन्हा करकचून बांधणं आलं. माझी बहीण, म्हणजे अक्का, शेवग्याखाली दोर सोडवत बसली होती. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली.

“जरा लाज धरा. मेव्हणा आलाय पुण्यासनं.”

“मेव्हणा काय परका हाय व्हय?” दाजी म्हणाले. “आपल्या लग्नात माझी चप्पल लपवून पाचशे रुपये मागत हुता. आता कंपनी विकून आलाय, तर म्या शर्ट घालून हिरीत उतरू काय?”

ग्रिप ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चिनीमातीची पांढरी, मुठीत मावेल एवढी असते. आत फ्यूजची तार. शेतातल्या मोटरीच्या लायनीवर अशा तीन बसवलेल्या असतात, आणि त्या ओढून काढल्या की वीज तिथंच तुटते. मोटर सुरू करायला मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही.

“काढून बाजूला ठेवल्या तरी चालेल की,” मी म्हणालो. “खिशात कशाला? भिजतील.”

“भिजू दे. बाजूला ठेवल्या की कोण तरी बसवतंय. शेजारचा येतोय, बघतोय, सर्जेरावाची ग्रिप निघालीया, लावू या बिचाऱ्याची. चांगुलपणा असतोय त्याचा. आणि म्या खाली पाण्यात.” त्यांनी खिशावर थाप मारली. आत ग्रिपा खुळखुळल्या. “जो उतरणार त्याच्या खिशात ग्रिप. आमच्या बापानं शिकवलंय. माझा जीव माझ्या खिशात.”

दोर कमरेला बांधून ते पायऱ्या उतरू लागले. साठ फूट विहीर. अर्ध्यापर्यंत पायऱ्या, पुढं कपारीत पाय ठेवत जायचं. तळाला छातीभर पाणी, त्यात मोटर, आणि मोटरीच्या तोंडाला जाळी. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की शेवाळ आणि पाला ओढून ती जाळी तुंबायची. महिन्यातनं एकदा तरी उतरून हातानं साफ करावी लागे. अक्का काठावर दोर धरून उभी राहिली आणि मी तिच्या शेजारी उभं राहून मनात म्हणालो, काय हे गावठी काम! एकविसाव्या शतकात माणूस चड्डीच्या खिशात सुरक्षितता घेऊन फिरतोय.

हुशार होतो ना मी! तो माझा गावातला चौथा दिवस होता.

त्याआधी अठरा वर्षं मी पुण्यात एका कंपनीत होतो. दुपारच्या डब्याला आम्हा पाच-सहा जणांचा एक आवडता खेळ असायचा. पैशाचा प्रश्नच नसता तर तू दिवसभर काय केलं असतंस? कुणी म्हणायचं, हिमालयात फिरेन. कुणी म्हणायचं, झोपेन, नुसता झोपेन. माझं उत्तर अठरा वर्षं एकच. एक मोठं शेड, त्यात टेबल, सोल्डरिंगची गन, तारा, मोटरी, कॉम्प्युटर. कुणाची मीटिंग नाही, कुणाची परवानगी नाही. सकाळी जे डोक्यात येईल ते संध्याकाळपर्यंत हातात पाहिजे. बाकीच्यांचा खेळ खेळच राहिला. आमची कंपनी मात्र एका परदेशी कंपनीनं घेतली, मी अगदी सुरुवातीपासूनचा असल्यामुळे माझ्याकडे बरेच शेअर होते, आणि बेचाळिसाव्या वर्षी माझा पैशाचा प्रश्न खरोखर मिटला.

लग्न केलं नव्हतं. आईवडील गेलेले. अक्का गावातच दिलेली, आणि तिची एकुलती लेक सासरी. तासगावच्या पुढं आमचं गाव, सगळी द्राक्षाची बागायत. वडिलांच्या जागेत मी मनासारखं शेड उभं केलं. पुढची दोन वर्षं इतकी सुखाची गेली की आज ते सुख आठवलं तरी अपराध्यासारखं वाटतं. सकाळी सहाला शेडात, अक्का दहाला किटली घेऊन यायची, आणि दुपारी तीच किटली थंडगार, भरलेली परत न्यायची.

“ह्याचं लगीन लागलंय त्या तारांसंगं,” ती दाजींना सांगायची. “सवत तरी बोलती-चालती असती बाई.”

“असू दे गं. आनंदात हाय पोरगं,” दाजी म्हणायचे. चव्वेचाळीस वर्षांचं पोरगं!

पहिल्यांदा मी नुसती खेळणी केली. मग एक खरं काम सापडलं. शेतीची लाईट आठवड्यातले तीन दिवस दिवसा आणि चार दिवस रात्री येते. रात्रपाळी असली की दाजी अडीच-तीनला उठून, बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचे मोटर लावायला. वाटेत विंचू-काटा, साप. त्यांच्या डोळ्यांखाली कायम काळी वर्तुळं. मी म्हटलं, हे एवढं तर आपल्याला येतं. सहा महिने खपून एक बॉक्स बनवला. विहिरीवर बसवायचा, त्यात सिमकार्ड, आणि मोटर मोबाईलवरनं चालू-बंद करायची. वेळापत्रक घालून ठेवलं की लाईट आल्यावर आपोआप चालू, वेळ संपली की आपोआप बंद.

पहिला बॉक्स अर्थातच दाजींचा. जुना लाकडी मेनबोर्ड मी स्क्रू काढून उतरवला, तेव्हा दाजी मोटरीच्या खोपटाच्या दारात उभे होते.

“ग्रिपा कुठं बसवायच्या ह्यात?”

“ग्रिपा नाहीत दाजी. ह्यात आतमध्ये त्याचं बटण आहे. लाईट कमी-जास्त झाली तर आपलं आपण पडतं.”

“आणि हिरीत उतरताना?”

“मला फोन करायचा. मी जागेवरनं बंद करतो. मी परत चालू करेपर्यंत मोटर हलणार नाही.”

दाजींनी बॉक्सच्या लोखंडी पत्र्यावर बोटानं टकटक केलं. “लई दणकट केलायस. दगडानं फुटायचा न्हाई.” मग त्या जुन्या तीन ग्रिपा उचलल्या, सदऱ्याला पुसल्या आणि खोपटातल्या कोनाड्यात ठेवल्या. मला हसू आलं. त्यांनाही आलं.

त्या उन्हाळ्यात दाजी कित्येक वर्षांनी सलग झोपले. अक्का गावभर सांगत सुटली. मग एकेक जण शेडात यायला लागला आणि वर्षभरात मी चाळीस बॉक्स बसवले. एकाचेही पैसे घेतले नाहीत. घ्यायचेच नव्हते, तीच तर मजा होती. चावडीपुढनं गेलो तर माणसं उठून उभी राहायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

फक्त एक गोष्ट मला खपत नसे. माझ्या बॉक्सला दुसऱ्या कुणी हात लावलेला. एकानं झाकण उघडून तारा थेट जोडल्या आणि आतलं सगळं जाळून ठेवलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी चाळीसच्या चाळीस बॉक्सना कुलपं लावली आणि किल्ल्या शेडातल्या फळीवर नंबर घालून टांगल्या.

“एक किल्ली मला दे की,” दाजी म्हणाले. “उतरायच्या टायमाला आतलं बटण पाडीन आपल्या हातानं.”

“देतो.”

महिन्याभरानं पुन्हा म्हणाले. मी पुन्हा देतो म्हणालो. द्यायची नव्हती असं नाही. एकाला दिली की चाळीस जण मागणार, आणि मग पुन्हा सगळे आत बोटं घालणार, म्हणून मी ते पुढं ढकलत राहिलो. त्या दरम्यान दाजी तीन वेळा विहिरीत उतरले. तिन्ही वेळा फोन केला, मी बंद केलं, ते सुखरूप वर आले. मग किल्लीचा विषय मागं पडला.

एप्रिल महिना. द्राक्षाची खरड छाटणी झालेली, नवे डोळे फुटायची वेळ. या दिवसांत बागेला एक पाणी चुकलं तर पुढच्या वर्षाचा माल चुकतो. दिवसपाळीची लाईट होती, आठ ते चार. दाजींच्या मोटरीची वेळ अकरा ते एक.

मी शेडात होतो. गेले चार दिवस माझ्या डोक्यात नवा किडा वळवळत होता. मोटर चालू-बंद झाली की मोबाईलवर नुसती अक्षरं यायची, आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना ती वाचता येत नव्हती. मी म्हटलं, फोन बोलला पाहिजे. नाव घेऊन बोलला पाहिजे. मग मी स्वतःच्या आवाजात चाळीस जणांची नावं भरली होती, आणि प्रत्येकाच्या पुढं ‘यांची मोटर सुरू झाली बरं का!’ त्यातलं ते ‘बरं का’ नीट लाडात यावं म्हणून सतरा वेळा म्हटलं होतं. सगळं जमत आलं होतं. तास-दीड तासात नवा प्रोग्राम सगळ्या बॉक्सना एकदम पाठवायचा, की झालं.

साडेअकराला फोन वाजला.

“सुहास, पाणी येईना रं. जाळी तुंबलीया. उतरतो म्या.”

“थांबा, बंद करतो.” मी बटण दाबलं. पडद्यावर लाल आलं. “झालं बंद. उतरा.”

मागं अक्काचा आवाज येत होता, काय म्हणत होती ते कळलं नाही.

“येऊन जातोस का जरा किल्ली घिऊन?” दाजी म्हणाले. “आतलं बटण पाडून ठिवू. तुझी अक्का म्हणतीया.”

शेडापासनं विहीर मोटरसायकलवर पाच मिनिटं. किल्ली माझ्या डाव्या हाताला फळीवर होती, एक नंबरची. मी बसल्या जागेवरनं तिच्याकडं बघितलंसुद्धा.

“दाजी, काही गरज नाही हो. बंद आहे म्हणतोय ना मी? हातात जरा महत्त्वाचं काम आहे.”

“बरं बरं. तू कर तुझं काम. तू म्हणालास म्हंजे झालं.”

फोन ठेवला आणि मी पुन्हा त्या ‘बरं का’कडं वळलो.

काम करताना माझं असं व्हायचं की जग पुसलं जायचं. भूक नाही, तहान नाही, घड्याळ नाही. त्यासाठीच तर मी आयुष्यभर तडफडलो होतो. बारा वाजून गेले असतील. शेवटची चूक सापडली, दुरुस्त झाली आणि मी चाळीस बॉक्सना नवा प्रोग्राम पाठवून दिला. माझ्या फोनवर चाळीसही जणांचे निरोप यायचे. खुर्चीत मागं रेलून तो पुढ्यात ठेवला आणि वाट बघत बसलो.

फोन बोलला. “तानाजी बोरगे यांची मोटर सुरू झाली बरं का!”

मी टाळी वाजवली. एकटाच होतो, तरी वाजवली.

“विलास माळी यांची मोटर सुरू झाली बरं का!”

आवाज स्वच्छ, खणखणीत. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, संध्याकाळी अक्काला ऐकवू, खूश होईल.

“सर्जेराव खोत यांची मोटर सुरू झाली बरं का!”

आणि मी हसलो. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलंय. दाजींचं नाव ऐकून मी पहिल्यांदा हसलो, कारण त्यांच्या नावावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती. फोननं पुढचं नाव घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मला आठवलं, दाजी खाली पाण्यात आहेत.

बॉक्सला मी बंद राहायला सांगितलं होतं, आणि ते त्याच्या लक्षात राहायचं ते फक्त तो जागा असेपर्यंत. नवा प्रोग्राम घेताना तो क्षणभर झोपायचा आणि पुन्हा उठायचा. उठल्यावर आधीचं काही त्याला आठवत नसे. तो वेळापत्रक बघायचा. वेळापत्रकात होतं, सर्जेराव खोत, अकरा ते एक. हे सगळं मीच लिहिलेलं होतं. ‘बंद’ हा शब्द कायमचा जपून ठेवायला फार तर दहा ओळी जास्त लागल्या असत्या. त्या लिहायचा कंटाळा नव्हता हो मला. सुचलंच नाही. ‘बरं का’ सुचलं.

मी बंदचं बटण दाबलं. पडद्यावर ते छोटं गोल चाक फिरायला लागलं. पुन्हा दाबलं. चाळीस बॉक्स एकदम बोलत होते, सगळी लाईन त्यांनीच अडवली होती, आणि फोन एकेका शेतकऱ्याचं नाव घेत माझ्या लाडिक आवाजात ओरडत होता. दाजींना फोन लावला. अक्काला लावला. वाजतच राहिला. मग किल्ली ओढून घेतली आणि मोटरसायकलकडं पळालो.

पाच मिनिटांचा रस्ता. चारच लागली असतील.

मी पोचलो तेव्हा मोटर बंद होती. माझ्या बटणानं नव्हे. तानाजी बोरगे पलीकडच्या बांधावरनं अक्काची किंकाळी ऐकून डीपीकडं, म्हणजे शिवाराच्या ट्रान्सफॉर्मरकडं, पळाले होते आणि तिथल्या मोठ्या ग्रिपा ओढून सगळ्या शिवाराचीच लाईट त्यांनी घालवली होती. दोघं-तिघं विहिरीत उतरत होते. अक्का बॉक्सपुढं बसली होती. तिच्या हातात मोठा दगड होता आणि दोन्ही हात रक्तानं भरलेले. झाकणावर सगळीकडं पोचे आले होते. कुलूप तसंच होतं.

“फुटंना रं,” ती माझ्याकडं बघून म्हणाली. “कवाधरनं मारतीया. फुटंना.”

माझ्या हातात किल्ली होती. मी ती मुठीत झाकली.

मोटरीची केबल पाण्यातल्या जोडाजवळ सोलली होती. जाळी साफ करताना दाजींचा हात तिथंच होता, असं नंतर वीज खात्याचे इन्स्पेक्टर म्हणाले. मोटर बंद असती तर ती नुसती जुनी केबल होती. दाजींना वर काढलं, तालुक्याला नेलं, डॉक्टरांनी हात लावून बघितलं आणि मान हलवली.

चौकशी झाली. मी सगळं सांगितलं, प्रोग्राम कधी पाठवला, बॉक्स कसा झोपला आणि उठला, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कागदावर लिहिलं, ‘उपकरणातील तांत्रिक बिघाडामुळे विजेचा धक्का लागून अपघाती मृत्यू.’ मी म्हणालो, साहेब, बिघाड नव्हता हो. बॉक्स मी सांगितलं तसाच चालला. ते म्हणाले, असू द्या, तुम्ही आत्ता मनःस्थितीत नाही, सही करा.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर मी अक्कापुढं जाऊन बसलो. तिच्या हातांना अजून पट्ट्या होत्या. तिलाही सगळं सांगितलं. मी हसलो होतो तेसुद्धा. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

“ते झोपलं, उठलं, मला काय कळत न्हाई,” ती म्हणाली. “त्येंनी तुला इचारलं, बंद हाय का. तू म्हणालास, बंद हाय. एवढंच मला कळतं.”

मग ती आत गेली आणि रुमालाची एक पुरचुंडी आणून माझ्यापुढं ठेवली. मी सोडली. आत तीन ग्रिपा होत्या, कोनाड्यातल्या, जुन्या. कशालाच न जोडलेल्या.

“दवाखान्यातनं कपडे दिले, त्यात हुत्या. चड्डीच्या खिशात,” अक्का म्हणाली. “उतरताना म्या म्हटलं, आता ह्यांचा काय उपेग? थांबा, सुहासला किल्ली घिऊन येऊ द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या आजच्याला. तर म्हणाले, त्येला कशाला उठवायचं कामावरनं? आनंदात हाय पोरगं. आणि ह्या घेतल्या कोनाड्यातनं नि टाकल्या खिशात.”

मी ढसाढसा रडलो. अक्का रडली नाही. तिनं पुरचुंडी पुन्हा बांधली आणि उचलून आत नेली. त्यानंतर तीन वर्षं ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

चाळीस बॉक्स काढायला मी घरोघरी फिरलो. तर लोक काढू देईनात! “अपघात काय, कुठंबी हुतोय. रातचं जाणं वाचतंय आमचं, ऱ्हाऊ दे की,” असं खुद्द बोरगे म्हणाले, ज्यांनी डीपीच्या ग्रिपा ओढल्या होत्या. मी ऐकलं नाही. शिव्या खाल्ल्या आणि एकेक बॉक्स उतरवून तिथं पुन्हा जुने बोर्ड बसवले. शेडाला कुलूप घातलं. पैशाचा प्रश्न तेव्हाही नव्हता. वेळ होता, ढीगभर वेळ, आणि त्याचं काय करायचं ते मला कळेनासं झालं. सकाळी सहाला जाग यायची आणि मी पलंगावर बसून राहायचो. दहा वाजले की कान दाराकडं लागायचे. किटली काही यायची नाही.

चौथ्या वर्षी एप्रिलमध्येच एका सकाळी बोरगे दारात आले. “अक्कानं बोलवलंय. हिरीवर.”

गेलो. अक्का शेवग्याखाली उभी होती. केस पांढरे झाले होते. तिनंच बाग सांभाळली होती, मजूर लावून, स्वतः उभी राहून. खोपटात जुना लाकडी बोर्ड परत चढवलेला होता आणि त्यात तीन ग्रिपा होत्या. मी त्या लगेच ओळखल्या.

“जाळी तुंबलीया,” ती म्हणाली. तीन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. “मजूर उतरंना झाल्यात ह्या हिरीत. म्हणत्यात, खोताला घेतलं हिनं. तू उतर.”

मी कपडे काढले. दोर कमरेला बांधला. अक्का बोर्डाकडं गेली आणि तिनं एकेक करून तिन्ही ग्रिपा ओढून काढल्या. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी वाट बघत होतो. माझ्याही चड्डीला खिसा होता.

तिनं ग्रिपा मुठीत धरल्या आणि मूठ पदराखाली घेतली.

“उतर,” ती म्हणाली.

जो उतरणार त्याच्या खिशात ग्रिप. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. त्यात काहीच वाचता येईना. मी मागू शकलो असतो. आजही वाटतं, मागितल्या असत्या तर तिनं मुकाट्यानं दिल्याही असत्या. पण दाजींनी किल्ली मागितली होती आणि मी दिली नव्हती. आता मी कोणत्या तोंडानं मागणार?

उतरलो. पायऱ्या संपल्यावर कपारीत पाय ठेवत छातीभर पाण्यात गेलो. पाणी बर्फासारखं होतं. मोटर सापडली, केबल हाताला लागली, मग जाळी. शेवाळ ओढून काढताना पाला बोटांतनं निसटत होता. वर बघितलं तर आभाळाचा एक गोल तुकडा आणि त्याच्या कडेला अक्काचं डोकं. ती हलत नव्हती. खोपट तिच्यापासनं दहा पावलांवर. तिनं वळून तिकडं जायचं ठरवलं असतं तर मला ते डोकं दिसेनासं झालेलं दिसलं असतं, बाकी काही करता आलं नसतं. दाजींना तर तेवढंही दिसलं नव्हतं. अर्धा तास मी त्या पाण्यात होतो. मला मरायची भीती वाटली आणि त्या भीतीचीच लाज वाटली.

जाळी साफ झाली. दोर हलवला. बोरग्यांनी आणि तिनं मला वर ओढून घेतलं. काठावर मी हात टेकून धापा टाकत बसलो. अंगातनं पाणी निथळत होतं.

अक्का माझ्यापुढं उकिडवी बसली आणि तिनं पदराखालनं हात काढला. मूठ तशीच आवळलेली होती. उघडायला गेली तर बोटं उघडेनात, दुसऱ्या हातानं तिनं ती एकेक सरळ केली. तळव्यात, जुन्या जखमांच्या वणांवर, ग्रिपांच्या कडांचे खोल लालभडक वळ उठले होते. एके ठिकाणी रक्तही आलं होतं. अर्धा तास तिनं त्या एवढ्या घट्ट धरल्या होत्या.

“पाच मिन्टाचा तर रस्ता हुता रं सुहास,” ती म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा रडायला लागली.

मी तिच्या हातातनं ग्रिपा घेतल्या, काठावर काढून ठेवलेल्या सदऱ्याला पुसल्या आणि खोपटात जाऊन बोर्डात बसवल्या. बागेला पाणी सोडायचं होतं. तेव्हापासनं गावात कुणीही विहिरीत उतरणार असलं की मला निरोप येतो. मी जातो, ग्रिपा ओढतो, उतरणाऱ्याच्या खिशात घालतो, आणि तो वर येईपर्यंत काठावर बसून राहतो.